स्वस्तातला, हातात मावणारा स्कोप कोणता घ्यावा? (बजेट ८ हजार)

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मेंटेनन्सला, इलेक्ट्रॉनिक्स हा संध्याकाळचा नाद. मल्टीमीटर आहे, सोल्डरिंग स्टेशन आहे, आता गाडी अडलीय ती स्कोपवर (ऑसिलोस्कोप, सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र). कॉलेजातला सीआरओ, म्हणजे नळीवाला जुना स्कोप, टेबलभर धूड होतं, तसला घरात ठेवायला जागा नाही आणि बायको ठेवून पण देणार नाही, त्यामुळं बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा बघतोय. ऑनलाईन बघायला गेलं की डोकं गरगरतंय. साधारण एकाच किमतीत एक म्हणतोय १० मेगाहर्ट्झ, दुसरा म्हणतोय १०० मेगाहर्ट्झ. मग सरळ १०० वालाच घ्यावा की, त्यात विचार काय करायचा? का काही गोम आहे? कोल्हापुरात हातात घेऊन बघायला कुठं मिळत नाही म्हणून इथं विचारतोय. बजेट ८ हजार, लई ताणलं तर १२.

फ्यूज_उडाला
शेंगा घेऊन बसलोय. चालू द्या.

उद्यमनगरी
भावा, पहिला स्कोप म्हणून डीएसओ १३८ चं किट घे आणि स्वतः जोड. बारीक एसएमडी (बोर्डावर चिकटून बसणारे) पार्ट बहुतेक किटात आधीच लावलेले येतात, बाकीचे आपण सोल्डर करायचे, एका रविवारचं काम. ९ व्होल्टवर चालतंय, छोटा रंगीत डिस्प्ले आहे. मी आर्डुइनोचा पीडब्ल्यूएम, ५५५ चा टायमर, चार्जरचा रिपल (डीसीवरचा बारीक चढउतार) हे सगळं त्याच्यावरच बघत आलोय. फक्त घेताना बघून घे, मूळ डिझाइन जेवायई टेकचं आहे पण बाजारात नकलाच जास्त. जोडून झाल्यावर दोन ट्रिमर फिरवून चौकोनी वेव्हचे कोपरे सरळ करायचे, ते केल्याशिवाय रीडिंगवर विश्वास ठेवू नको. लई भारी वस्तू आहे, पैशाच्या मानानं नाद खुळा.

पुणेरी_प्रोब
डीएसओ १३८ ला स्कोप म्हणणं म्हणजे धाडस आहे. बँडविड्थ (किती वेगाचा सिग्नल दिसतो ती मर्यादा) २०० किलोहर्ट्झ, सॅम्पलिंग (सिग्नलचे नमुने घ्यायचा वेग) सेकंदाला दहा लाख, चॅनल एक, म्हणजे एका वेळी एकच सिग्नल. ते खेळणं आहे. थोडे पैसे साठवा आणि टेबलावरचा नीट स्कोप घ्या, सेकंडहँड रिगॉल डीएस १०५४झेड मिळाला तरी चालेल. ५० मेगाहर्ट्झ, चार चॅनल. एकदाच घ्या, चांगलं घ्या.

उद्यमनगरी
@पुणेरी_प्रोब, धागाकर्त्यानं हातात मावणारा विचारलाय हो. तुमच्याकडं प्रश्न वाचायची पण वेळ ठरलेली असते काय, एक ते चार बंद?

फ्यूज_उडाला
खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.

मिलीव्होल्ट
भांडण नंतर करा, आधी १० आणि १०० चं बघू. मी पॉलिटेक्निकला शिकवते आणि दर वर्षी पोरं हाच प्रश्न घेऊन येतात.

बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ याचा अर्थ १० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं बरोबर दिसतं असा नाही. त्या आकड्यावर पोचेपर्यंत साईन वेव्हची उंची ७० टक्क्यांवर आलेली असते, म्हणजे १ व्होल्टचा सिग्नल ०.७ दिसतो. चौकोनी वेव्हची गोष्ट अजून वेगळी. तिच्यात मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा साईन मिसळलेल्या असतात आणि कोपरे त्यांच्यामुळं येतात. निदान पाचपट तरी स्कोपमधून आत यायला पाहिजे. त्यामुळं १० मेगावाल्यावर २ मेगाची डिजिटल वेव्ह बरी दिसेल, १० मेगाची नुसती साईनसारखी गोलगोल दिसेल.

दुसरी गोष्ट सॅम्पलिंगची. बऱ्याच जाहिरातींत सॅम्पलिंगचा आकडा ठळक अक्षरात असतो आणि वाचणारा त्यालाच बँडविड्थ समजतो. सॅम्पलिंग बँडविड्थच्या चार-पाचपट तरी हवं. ते कमी पडलं की स्कोप काहीच दाखवत नाही असं नाही, तो चुकीचं पण अगदी स्वच्छ चित्र दाखवतो, आणि धोका त्यातच आहे. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तेच हे. १.०१ मेगाहर्ट्झचा सिग्नल सेकंदाला दहा लाख सॅम्पलवर १० किलोहर्ट्झचा दिसेल, आणि तुम्ही छातीठोकपणे वहीत १० किलोहर्ट्झ लिहाल.

छापलेला आकडा खरा का खोटा हे तपासायचं असेल तर ७४एसी१४ सारख्या चिपमधून एक खडी कड काढायची आणि स्कोपवर तिला चढायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ०.३५ भागिले तो वेळ, ही झाली बँडविड्थ. खरा १०० मेगावाला ३.५ नॅनोसेकंद दाखवेल. १२ च्या आसपास दाखवला तर समजायचं की माल ३० मेगाचा आहे, खोक्यावर काहीही छापू दे. या किमतीत १०० लिहिलेलं दिसलं की मी आधी तळाचं बारीक टेबल वाचते, तिथं सॅम्पलिंग किती दिलंय ते.

गडकोट_हॅम
+१ मिलीव्होल्ट. आणि दोन चॅनल चालू केले की सॅम्पलिंग निम्मं होतं हे पण लिहा. हातात मावणाऱ्यांत ओवॉन एचडीएस २४२ आहे, ४० मेगाहर्ट्झ, दोन चॅनल, एका चॅनलवर सेकंदाला २५ कोटी सॅम्पल, दोन्ही लावले की साडेबारा कोटी. मल्टीमीटर आतच. हँटेकच्या २सी४२ चं पण जवळपास असंच. त्यांच्या थोरल्या भावांत सिग्नल जनरेटर पण येतो. बजेट फार घट्ट असेल तर झोयी झेडटी ७०२एस, १० मेगाहर्ट्झ, एकच चॅनल, पण मल्टीमीटरच्याच आकाराचा आणि खिशातून नेता येतो.

पंचगंगाकाठ
मिलीव्होल्ट ताई, एवढं सोपं करून कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणजे १०० मेगाचं भूत उतरलं. मग आता ४० का १०?

जुना_रेडिओ
४० का १० हे नंतर. आधी मला सांगा, तुम्ही हा स्कोप लावणार कशाला? मेंटेनन्सवाले आहात म्हणून विचारतोय. मी आयटीआयला तीस वर्षं घालवली, आणि पोरं स्कोप हातात आला की पहिल्यांदा प्लगमधली २३० व्होल्टची साईन बघायला धावतात.

२३० हा आरएमएस, म्हणजे एक प्रकारच्या सरासरीचा आकडा. टोक ३२५ व्होल्टला जातं आणि वर-खाली मिळून ६५०. लहान स्कोपची आणि सोबत येणाऱ्या प्रोबची (सर्किटला टेकवायच्या वायरची) झेप किती ते मागं छापलेलं असतं, डीएसओ १३८ तर ५० व्होल्टवरच संपतो. टेबलावरच्या स्कोपात प्रोबची मगर क्लिप थेट तिसऱ्या पिनेला, म्हणजे अर्थिंगला जोडलेली असते. एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरीत, म्हणजे मेन्सच्या बाजूला, ब्रिज रेक्टिफायरच्या मायनसला ग्राऊंड समजून ती क्लिप लावली की ब्रिज, फ्यूज आणि नशीब खराब असेल तर स्कोप, सगळं एका फटक्यात. मग काही शहाणे स्कोपची तिसरी पिनच काढून टाकतात. म्हणजे आता स्कोपची अख्खी बॉडी लाईव्ह, आणि त्यावर हात ठेवून हे बटनं फिरवणार.

बॅटरीवाल्यात अर्थिंग नाही म्हणून स्फोट होत नाही हे खरं, पण क्लिप लाईव्हला लावली तर बीएनसीची (प्रोब जोडायच्या सॉकेटची) बाहेरची कडी पण लाईव्ह होते. आणि चार्जिंगची यूएसबी लॅपटॉपला, लॅपटॉप तीन पिनेवर, की अर्थिंग परत मागच्या दारानं आत आलं. दोन चॅनलच्या दोन क्लिपा दोन वेगळ्या ठिकाणी लावणारे पण बघितलेत. त्या दोन्ही आतून एकच असतात, म्हणजे स्कोपची वायर शॉर्टची वायर झाली.

फ्यूज_उडाला
काका, माझ्या आयडीची कथा तुम्हाला कुणी सांगितली?

बेसबॉक्स
जुना_रेडिओ काकांना दंडवत. आमच्या साऊंडच्या धंद्यात अजून एक खड्डा आहे तो सांगतो. अॅम्प्लिफायर चेक करताना सगळे स्पीकरच्या काळ्या टर्मिनलला ग्राऊंड धरतात. ब्रिज केलेल्या (दोन चॅनल जोडून एक केलेल्या) अॅम्पात ते ग्राऊंड नसतंच, दोन्ही टर्मिनल चालते असतात, क्लास-डी मध्ये पण बऱ्याच वेळा तसंच. तिथं क्लिप लावली आणि स्कोप अर्थिंगवर असला की अर्धा अॅम्प गेला.

बाकी स्कोप नसेल तर अॅम्प रिपेअर म्हणजे अंदाजपंचे. डमी लोड (स्पीकरच्या जागी रेझिस्टर) ८ ओहमचा लावायचा, १ किलोहर्ट्झची साईन सोडायची आणि आवाज वाढवत जायचं. साईनचं डोकं सपाट झालं की तिथं थांबायचं, ते क्लिपिंग. टोक ४० व्होल्टला असेल तर झाले १०० वॅट खरे. पॅनेलवर २००० लिहिलेलं असलं तरी. गणपतीच्या आधी पोरं अॅम्प घेऊन येतात, 'दादा आवाज फाटतोय', आणि फाटत असतो तो ह्याच सपाट डोक्यामुळं, ट्वीटर पण त्यानंच जळतात. ऑडिओला २० किलोहर्ट्झच्या वर काय नसतंय, म्हणून उद्यमनगरी भावाच्या खेळण्यावर पण माझं काम चालतंय.

पुणेरी_प्रोब
मिरवणुकीत डॉल्बी बंद करावी हा माझा पहिल्यापासूनचा मुद्दा आहे. स्कोपवर चेक करा नाहीतर दुर्बिणीतून.

बेसबॉक्स
आमची पोटं त्याच्यावर हाईत वो. तुम्ही ढोल बडवता तेव्हा डेसिबल मोजलेत काय कधी?

उद्यमनगरी
विषय हार्ड झाला.

गडकोट_हॅम
डॉल्बीसाठी वेगळा धागा आहे, दर भाद्रपदात वर येतोच. इथं स्कोपवर बोला. धागाकर्ते, काकांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. बघायचं काय आहे तुम्हाला?

पंचगंगाकाठ
सांगतो. आमची नदीकाठी मोटर आहे, घरापासून लांब. मोबाईलवरून चालू-बंद करायचा स्टार्टर कंट्रोलर मी स्वतः बनवतोय. तयार मिळतात माहितीय, पण मला स्वतः करायचाय. तिन्ही फेज आहेत का आणि उलट्या तर नाहीत हे बघायला तीन ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पलीकडं देणाऱ्या, दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणाऱ्या चिपा) लावलेत, पलीकडं कंट्रोलर आणि टूजीचं छोटं जीएसएम (मोबाईल नेटवर्कचं) मॉड्यूल. एक फेज गेली तर मोटर जळते, मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या दोघांच्या जळाल्या. तर बघायचंय हे की तिन्ही ऑप्टोचे पल्स बरोबर क्रमानं येतात का. आणि दुसरं दुखणं असं की फोन लावला की कधी कधी मॉड्यूल आपोआप रिसेट होतंय. मल्टीमीटर लावून बसलो तर सप्लाय ४ व्होल्ट, काटा हलत नाही.

बिट_बडवे
भावा मग तुला स्कोप लागतच नाही! पल्सांसाठी आठ चॅनलचा यूएसबी लॉजिक अॅनालायझर घे, हजाराच्या आत येतो. लॅपटॉपवर पल्सव्ह्यू टाक, फुकट आहे. तिन्ही ऑप्टो एकदम तीन चॅनलवर दिसतील. ५० हर्ट्झची एक फेरी २० मिलिसेकंदाची, म्हणून दोन फेजांत ६.६७ मिलिसेकंदाचं अंतर पाहिजे, फेज उलटी असेल तर क्रम बदललेला दिसेल. ९६०० बॉडची सिरीयल लाईन पण त्यातच वाचता येते, अक्षरं छापून दाखवतो. कंट्रोलरच्या बाजूला सगळं ३.३ नाहीतर ५ व्होल्ट, म्हणून काकांची भीती पण नाही. दोन चॅनलच्या स्कोपवर तीन फेज कशा एकदम बघणार?

मिलीव्होल्ट
पल्सांचं पटलं. रिसेटचं नाही. लॉजिक अॅनालायझरला फक्त ० आणि १ कळतं, ४ व्होल्टचे ३.२ झाले तरी तो १ च म्हणणार, आणि दुखणं नेमकं तिथंच असणार.

टूजी मॉड्यूल सतत करंट घेत नाही. ४.६ मिलिसेकंदातून एकदा, ५७७ मायक्रोसेकंद एवढ्याच वेळात ते जोर लावतं आणि त्या झटक्यात २ अँपिअरपर्यंत ओढतं. सेकंदाला २१७ वेळा. जुन्या मोबाईलवर फोन येणार असला की रेडिओतून टिर्र-टिर्र यायची ती हीच. या छोट्या मॉड्यूलना सप्लाय ३.४ ते ४.४ च्या मधे लागतो. बारीक वायरनी आणलेला सप्लाय त्या झटक्याला खाली बसतो, मॉड्यूल मान टाकतं, आणि तुमचा मल्टीमीटर सरासरी काढून ४ दाखवत राहतो.

स्कोप त्या सप्लायवर मॉड्यूलच्या अगदी पायाशी लावा, ट्रिगर (चित्र कधी पकडायचं ती खूण) खाली उतरणाऱ्या कडेवर ३.६ व्होल्टला, मोड सिंगल, आणि फोन लावा. खड्डा असेल तर पडद्यावर गोठून राहील. आणि बघा, ५७७ मायक्रोसेकंद म्हणजे स्कोपच्या मानानं निवांत. २०० किलोहर्ट्झवाल्यात पण स्वच्छ दिसेल.

उद्यमनगरी
बघा! खेळणं म्हणे.

पुणेरी_प्रोब
या कामासाठी पुरेल, मान्य. पण उद्या ह्याच माणसाला गणपतीच्या डेकोरेशनचे पिक्सेल एलईडी करायचे झाले तर? त्यांचा एक बिट १.२५ मायक्रोसेकंदाचा. २०० किलोहर्ट्झवाल्याला कड चढायलाच १.७५ लागतात. काय दिसणार, कपाळ?

उद्यमनगरी
हे मात्र खरं बोललात.

शाळामास्तर
अजून एक पर्याय कुणी लिहिला नाही. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरनं शाळा-कॉलेजांसाठी एक्स्पआयज नावाचं उपकरण काढलंय. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतं, स्कोपसारखं बघता येतं आणि सिग्नल, व्होल्टेज बाहेर पण देतं. वेग डीएसओ १३८ च्याच घरातला, पण प्रयोगांसाठी उत्तम, सॉफ्टवेअर मुक्त आहे. आमच्या मुलांनी मायक्रोफोन लावून शिट्टीची साईन बघितली तेव्हा वर्गात जो गोंधळ झाला तो शेजारच्या वर्गाच्या बाईंना विचारा. हातात मावण्याच्या अटीत मात्र लॅपटॉपसकट बसत नाही.

गडकोट_हॅम
खरेदीबद्दल. अलीएक्स्प्रेसचं अॅप नोव्हेंबर २०२० पासून आपल्याकडं बंद आहे, त्यामुळं तिथली किंमत दाखवून इथं घासाघीस करू नका. इथल्या विक्रेत्याकडून जीएसटी बिलासकट घ्या. पुण्यात बुधवार पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर होणार असेल तर हातात घेऊन बघता येईल. बॅटरी १८६५० (सुटी मिळणारी लिथियम सेल) असेल आणि झाकण स्क्रूचं असेल तर उत्तम, तीन वर्षांनी बदलता येते. आणि प्रोब बघा. खोक्यातला प्रोब टाकाऊ असेल तर स्कोप कितीचा का असेना, उपयोग शून्य.

पंचगंगाकाठ
प्रोबवर ते एक्स १ आणि एक्स १० चं बटन असतं ते कशाला?

मिलीव्होल्ट
एक्स १० ला सिग्नल दहावा हिस्सा होऊन आत जातो, पण सर्किटवर ओझं कमी पडतं. स्कोपचा इनपुट १ मेगाओहम, प्रोबमधे ९ मेगाओहम अजून लागतात. एक्स १ ला केबलचं सगळं कपॅसिटन्स सर्किटच्या उरावर बसतं आणि बहुतेक प्रोबची बँडविड्थ ६-७ मेगावर येते, म्हणजे ४० मेगाचा स्कोप घेऊन प्रोब एक्स १ ला ठेवला की पैसे पाण्यात. क्रिस्टलच्या (कंट्रोलरला ठोके देणाऱ्या पार्टच्या) पायाला एक्स १ लावला तर कंट्रोलर बंदच पडतो कधी कधी आणि माणूस तासभर प्रोग्राममधे चूक शोधत बसतो. सवय एक्स १० ची ठेवा, मेनूत पण एक्स १० निवडा, नाहीतर ५ व्होल्ट अर्धा व्होल्ट दिसेल. एक्स १ फक्त बारीक रिपल बघायला. आणि रिपल बघताना ती लांब ग्राऊंडची वायर काढून टाका, तिचीच अँटेना होते.

जुना_रेडिओ
नवा प्रोब आला की आधी स्कोपच्याच कॅलिब्रेशनच्या चौकोनी वेव्हवर लावून त्याचा छोटा स्क्रू फिरवून घ्या. कोपरा वर उडाला तरी चूक, झुकला तरी चूक. आमच्या वेळी दोन बॅचला मिळून एक सीआरओ आणि त्याला एकच धड प्रोब होता, त्यामुळं हा स्क्रू फिरवायचा मान सरांचा. जर्मनीच्या फर्डिनांड ब्राऊननं १८९७ मध्ये सीआरओची पहिली नळी केली तेव्हापासून आमच्या लॅबपर्यंत यायला तिला जवळपास शंभर वर्षं लागली आणि तुमच्या खिशात यायला तीस पण नाहीत.

पंचगंगाकाठ
अपडेट. ऑफिसातल्या एकाकडून आठवडाभरासाठी दोन चॅनलवाला आणला होता. ताईंनी सांगितलं तसंच लावलं, ट्रिगर ३.६ ला, सिंगल, आणि फोन लावला. पडद्यावर खड्डा! ३.१ पर्यंत, आणि ४.६ मिलिसेकंदांनी परत, परत, परत. मॉड्यूलच्या पायाशी १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर टाकला, सप्लायची वायर जाड आणि वितीएवढी आखूड केली. आता ३.८ च्या खाली जात नाही. रिसेट बंद.

आता बिट_बडवेंचा लॉजिक अॅनालायझर मागवलाय तीन फेजांसाठी, आणि ४० मेगाचा दोन चॅनलवाला पगार झाल्यावर. दोन्ही मिळून बारा हजारात बसवायचा प्रयत्न आहे.

बिट_बडवे
शेवटी माझंच घेतलं. आभारी आहे.

फ्यूज_उडाला
बायकोला किती सांगितलंय? खरा आकडा इथं लिहू नका, वाचत असतील.

पंचगंगाकाठ
मल्टीमीटर बदलतोय एवढंच सांगितलंय. आत मल्टीमीटर आहेच की, खोटं काय त्यात?

जुना_रेडिओ
एक राहिलं. ऑप्टोच्या अलीकडचं, मोटरच्या बाजूचं, काहीही त्या स्कोपवर बघायचं नाही. तिथं दोन फेजांत ४१५ व्होल्ट आहेत, टोक ५८७. फारच गरज पडली तर डिफरन्शियल प्रोब (अर्थिंगला न धरता दोन टोकांतला फरक मोजणारा) भाड्यानं आणा, आणि नदीकाठच्या ओल्या जमिनीवर तर तोही नको, घरी आणून टेबलावर बघा.

पंचगंगाकाठ
होय सर. तिकडची बाजू डब्यात स्क्रूनं बंद केलीय.

कागलचा_मेस्त्री
धागा वाचून माझा पण प्रश्न. चारचाकीचं गॅरेज आहे. इंजेक्टर आणि क्रँक सेन्सर बघायला हेच ४० मेगावाले चालतील का, का गाडीचा वेगळा येतो तो घ्यायचा? १२ व्होल्टच आहे म्हणून भीती नाही ना?

मिलीव्होल्ट
दादा, चालतील, गाडीला १० मेगाचा पण पुरतो. पण १२ व्होल्टवर जाऊ नका. इंजेक्टर बंद होताना त्याची कॉइल उलटा झटका मारते, ६० व्होल्ट सहज, कधी जास्त. एक्स १० शिवाय लावू नका. इग्निशन कॉइलच्या प्रायमरीवर तो झटका तीन-चारशेला जातो, तिथं साधा प्रोब नकोच, गाडीसाठी वेगळा, सिग्नल लहान करून देणारा अॅटेन्युएटर मिळतो तो मधे टाका. क्रँक सेन्सर कॉइलवाला असेल तर स्टार्टर मारताना उंची कमी दिसेल आणि रेस केल्यावर वाढेल, ते बरोबर आहे, सेन्सर खराब समजून बदलू नका.

कागलचा_मेस्त्री
अहो ताई, तसले दोन बदललेले गिऱ्हाईक घेऊन आलंय कालच, दुसरीकडून. बघतो आता लावून.

उद्यमनगरी
मेस्त्री, रविवारी गॅरेज चालू असतंय काय? माझा डीएसओ १३८ घेऊन येतो, क्रँक सेन्सर बघूया.

कागलचा_मेस्त्री
दुपारपर्यंत चालू असतंय. या, पण प्रोब चांगला आणा.